दिवस कोणाच्या अंगावर

बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, जहाजाने घेतलेल्या मालाची पावती. तिच्या मूळ प्रती तीन असतात. तिन्ही सारख्या, तिन्हींवर जहाज कंपनीच्या एजंटची सही. परदेशातल्या बंदरात त्यातली कुठलीही एक पुढे केली की माल सुटतो आणि उरलेल्या दोन रद्दी होतात. तोवर मात्र त्या पानांची किंमत कंटेनरमधल्या मालाइतकी. कुरियरवाला मुलगा लिफाफा घेऊन आला की मी हातातला चहा आधी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते, मगच लिफाफा फोडते.

माझं ऑफिस ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडवरून घंटाळी देवीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर. आधी बरीच वर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात होते, आता निर्यातदारांची कागदपत्रं करते. माझी गिऱ्हाइकं वागळे इस्टेटमधली, डोंबिवली एमआयडीसीतली, थोडी भिवंडीची. वीस-पंचवीस कामगारांची युनिटं. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघालं आणि त्याच्या कामाची सुरुवात वागळे इस्टेटपासून झाली. त्या काळच्या शेडमध्ये आज लेथच्या जागी सीएनसी आलेत, माल जर्मनीला नि हॉलंडला जातो, पण मालकाच्या डोक्यातला हिशेब तोच आहे. पैसे कधी येणार?

माझी आजी जोखीम हा शब्द दागिन्यांसाठी वापरायची. प्रवासाला निघालं की म्हणायची, "अंगावर जोखीम आहे, सांभाळून जा." मोलाची वस्तू आणि धोका यांना एकच शब्द. बीएल हातात घेतली की तो शब्द मला पूर्ण कळतो.

एका कंटेनरची गोष्ट सांगते. जानेवारी २०२४. वागळे इस्टेटमधले एक दादा पंपाचे सुटे भाग बनवतात. साधारण चाळीस लाखांचा माल युरोपातल्या गिऱ्हाइकाला जायचा होता. व्यवहार एलसीवर. म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेने लिहून दिलेलं होतं की अटीप्रमाणे कागद आले की पैसे देऊ. बँक माल बघत नाही, कागद बघते. जगभर यासाठी एकच नियमावली चालते, यूसीपी ६००, २००७ सालच्या जुलैपासून लागू झालेली. कागद तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस, आणि एलसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर माल चढल्यापासून एकवीस दिवसांच्या आत कागद बँकेत पोचले पाहिजेत. या एलसीत आणखी एक तारीख होती: माल २० जानेवारीपर्यंत जहाजावर चढलेला हवा.

माल १३ तारखेला तयार झाला. फॅक्टरी स्टफिंगला मी स्वतः गेले होते, कारण पॅकिंग लिस्टमधली खोकी आणि प्रत्यक्षातली खोकी जुळतात का ते एकदा डोळ्यांनी बघितलं की मला रात्री झोप लागते. दार बंद झालं, सील लागलं, सीलचा नंबर मी वहीत उतरवला. ट्रेलर रात्री मुंब्रा बायपासने न्हावाशेवा बंदराकडे निघाला. १५ तारखेला गेट-इन झालं. पाच दिवस हातात होते.

पण ते दिवस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांचे होते. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर हे जहाज पळवून नेलं, त्यानंतर मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. केप ऑफ गुड होपवरून जायचं म्हणजे दहा ते चौदा दिवस जादा. युरोपातून परत येणारी जहाजंही त्याच वळशाने येत होती, त्यामुळे न्हावाशेव्याला कुठलंच जहाज ठरल्या दिवशी लागेना. आमचं जहाज आधी १८ ला लागणार होतं, मग २१, मग २३. कंटेनर यार्डात उभा, सील जसंच्या तसं, आणि बीएलवर 'ऑन बोर्ड' तारीख पडली २४ जानेवारी.

चार दिवस.

इथे माझी चूक झाली, ती लिहायलाच हवी. वेळापत्रक बदलल्याची पहिली ईमेल आली त्याच संध्याकाळी एलसीची तारीख वाढवून मागायला हवी होती. मी दोन दिवस वाट बघितली, कारण १८ चं २१ झालं तरी पुन्हा मागे येईल असं वाटलं. दुरुस्तीची मागणी गेली तेव्हा समोरून उत्तर आलं की बघतो. नंतर काहीच आलं नाही. मधल्या एका एजंटने दादांना सुचवलं की बीएलवर मागची तारीख टाकून मिळेल, जहाज कंपनीला हमीपत्र दिलं की झालं. दादांनी मला विचारलं. मी सरळ नाही म्हटलं. ती फसवणूक असते, आणि माल वाटेत बुडाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच तारीख तपासते.

कागद २४ च्या तारखेनेच गेले. बँकेने 'उशिरा लादणी' म्हणून त्रुटी काढली, शंभरेक डॉलर त्रुटीचा आकार कापायचं कळवलं आणि तिची हमी तिथेच संपली. आता पैसे द्यायचे की नाही हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आलं. त्याने कागद स्वीकारले, पण पाच टक्के कमी करा म्हणाला. माल समुद्रात, परत आणायचं भाडं परवडणारं नाही. दादांनी दोन लाख रुपये सोडले.

ते सोडताना त्यांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. "ताई, विमा होता ना आपला?"

होता. सगळ्यात मोठा, 'ए' क्लॉजचा, वर युद्धजोखमीचा वेगळा. कंटेनर समुद्रात पडला असता, आग लागली असती, पाणी शिरलं असतं, तर पैसे मिळाले असते. पण याच क्लॉजमध्ये चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे की विलंबामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही, तो विलंब विम्यात धरलेल्या धोक्यामुळे झाला असला तरीही. मी ते कलम शेकडो वेळा वाचलंय. दादांना वाचून दाखवताना पहिल्यांदाच ते मला इतकं मोठं वाटलं. मालाचा विमा निघतो. दिवसांचा निघत नाही.

तेव्हापासून प्रत्येक ऑर्डर मी दिवसांच्या हिशेबाने वाचते. कुठला दिवस कोणाच्या अंगावर पडणार? त्याच महिन्यात दादांचा दुसरा कंटेनर दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेला होता, एलसीशिवाय, ओपन अकाउंटवर, म्हणजे नुसत्या उधारीवर. करारात लिहिलं होतं: माल गोदामात पोचल्यापासून साठ दिवसांनी पैसे. हेच 'बीएलच्या तारखेपासून साठ दिवस' असं असतं तर केपचा वळसा गिऱ्हाइकाने सोसला असता. एका शब्दाच्या फरकाने ते चौदा दिवस वागळे इस्टेटमध्ये आले. भाड्याचंही तेच. सीआयएफ, म्हणजे भाडं-विम्यासकट, भाव डिसेंबरमध्ये देऊन बसलेल्यांनी काही आठवड्यांत दुप्पट-तिप्पट झालेलं भाडं खिशातून भरलं. एफओबीवाल्यांना, ज्यांचं भाडं गिऱ्हाईक भरतं, त्याची झळ लागली नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं की चौदा दिवस म्हणजे चौदा दिवसांचं व्याज. ते व्याज फार नसतं. दादांची बँकेतली लिमिट पन्नास लाखांची. या दुसऱ्या कंटेनरसाठी त्यांनी बत्तीस लाखांची पीसी उचललेली होती. पॅकिंग क्रेडिट, माल बनवण्यासाठी मिळणारं कर्ज. दहा टक्क्यांनी धरलं तर दिवसाला पावणेनऊशे रुपये, चौदा दिवसांचे बारा हजार. दुखतं ते वेगळंच. माल चढल्यावर पीसीचं बिलाच्या कर्जात रूपांतर होतं, पण लिमिट अडकलेलीच राहते. पुढच्या ऑर्डरचं पोलाद घ्यायला पंचवीस लाख हवेत आणि मोकळे आहेत अठरा. मग मशीन उभं राहतं, कामगाराचा पगार तर द्यायचाच असतो, आणि ऑर्डर हातात असलेला माणूस सोनं गहाण टाकायला निघतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

माल आणि पैसा यांचं हे कोडं आपल्या लोकांना नवं नाही. हुंडीच्या जमान्यात जोखमी हुंडी नावाचा प्रकार होता. माल जहाजात भरला की व्यापारी त्यावर हुंडी काढून ती विकायचा आणि पैसे लगेच घ्यायचा. माल सुखरूप पोचला तर हुंडी घेणाऱ्याला पलीकडे पैसे मिळायचे. जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच चिठ्ठीत. आज हीच दोन कामं दोन दारांवर जाऊन करावी लागतात. दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी हे आमचे आजचे 'ॲट साइट' आणि 'यूझन्स'. बँकेत आम्ही अजूनही बिल वटवतो असंच म्हणतो.

गिऱ्हाईकच बुडालं तर काय, यासाठी सरकारची ईसीजीसी आहे. १९५७ च्या जुलैमध्ये एक्सपोर्ट रिस्क्स इन्शुरन्स कॉर्पोरेशन म्हणून ती सुरू झाली. मी प्रत्येक ओपन अकाउंटवाल्याला ती पॉलिसी घ्यायला लावते, पण घेताना दोन गोष्टी बजावते. गिऱ्हाइकावरची पतमर्यादा आधी मंजूर करून घ्या, आणि पैसे थकले की मुदतीत कळवा. संबंध बिघडतील म्हणून गप्प बसू नका. शिवाय गिऱ्हाईक म्हणाला की माल खराब आहे, तर तो वाद परदेशातल्या कोर्टात मिटेपर्यंत दावा अडकतो. म्हणून मालाच्या तपासणीचा दाखला त्रयस्थाकडून घ्यायचा खर्च मला कधी जास्त वाटत नाही.

कधी कधी दिवस नुसते मोजण्यानेही माणूस वाचतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं, २७ ऑगस्टपासून. डोंबिवलीत रंगद्रव्यं बनवणाऱ्या एका कारखान्याने ठरवलं की जादा पाळ्या चालवून माल त्याआधी जहाजावर चढवायचा. आदेशात सूट होती खरी. पण ती पूर्ण वाचली तर अट दोन तारखांची होती: माल २७ च्या आधी चढलेला हवा, आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत उतरून त्याची नोंद झालेली हवी. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि त्या ताईंना, म्हणजे कारखान्याचा हिशेब बघणाऱ्या मालकीणबाईंना, बोटाने दिवस मोजून दाखवले. न्हावाशेव्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला तेवढ्या दिवसांत जहाज जात नाही. जादा पाळ्या थांबल्या. तो आठवडा त्यांनी गिऱ्हाइकाशी बोलण्यात घालवला आणि शुल्काचा भार दोघांनी वाटून घ्यायचं ठरलं. तोटा झालाच, पण त्यावर ओव्हरटाइमचा भुर्दंड पडला नाही.

देशातल्या मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांची कथा वेगळी नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायला हवेत. ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन मंचावर बिल चढवलं तर बँका त्यावर बोली लावतात, एक-दोन दिवसांत पैसे येतात, आणि मोठी कंपनी पुढे बुडाली तरी ते छोट्याकडून परत मागता येत नाहीत. फार चांगली सोय आहे. पण बिल आधी त्या कंपनीने मान्य करावं लागतं, आणि एवढं एक बटण दाबायला काही खरेदी विभाग तीन-तीन आठवडे लावतात. कायदा सांगतो की पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरायचं. हे वाक्य मी छापून गिऱ्हाइकांना देते. त्यातले किती जण मोठ्या कंपनीला ते दाखवायला धजतात, ते मला माहीत आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

दादांच्या त्या दुसऱ्या कंटेनरच्या फाइलवर मी येणं असलेली तारीख पेन्सिलीने लिहिली होती. ती तीनदा खोडली. पुठ्ठ्यावर तेवढी जागा अजून खरबरीत आहे. २०२४ च्या मे महिन्यात एका दुपारी बँकेतून फोन आला की रक्कम जमा झाली, मधल्या बँकेचा आकार वजा होऊन. मी लगेच दादांना फोन लावला. मागे मशीनचा आवाज होता, म्हणून ते मोठ्याने बोलत होते.

"ताई, लिमिट मोकळी झाली?"

"झाली."

"मग मी कळंबोलीला पोलादवाल्याला सांगू?"

"सांगा," मी म्हटलं, "पण पुढच्या करारात दिवस कुठून मोजायचे ते आधी मला दाखवा."

"संध्याकाळी घेऊनच येतो," ते म्हणाले.

साडेसहाला ते आले. करार टेबलावर ठेवला आणि पैशांच्या कलमावर बोट ठेवून उभेच राहिले.