मिठाचा खडा आणि देहाचे चित्र

धान्याच्या बाजारात माल पारखण्यासाठी पोते उघडावे लागत नाही. पोकळ लोखंडी सुई आत खुपसली, की चार दाणे हाती येतात आणि मालाची प्रत कळते. मनुष्यदेहाची अशी पारख काहीही न कापता व्हावी म्हणून जी साधने निघाली, त्यांपैकी ‘पेट’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॉझिट्रॉन-तपासणीचा परिचय आमच्या व्यापारी बंधूंस करून द्यावा, असे आम्हांस वाटते. हैदराबादेत ही तपासणी होते आणि कर्करोगाच्या निमित्ताने तिचे नाव आता घरोघरी ऐकू येते.

ह्या विद्येचे एक मूळ आपल्या दुकानातील मिठात आहे. १९१३ साली ब्रॅग पिता-पुत्रांच्या संशोधनातून मिठाच्या खड्यातील रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. सोडियम व क्लोरीन यांचे कण त्यात आळीपाळीने, वखारीतील थप्पीहूनही अधिक शिस्तीने बसलेले असतात. ह्या स्फटिकविद्येशी आमच्या शहराचा संबंध जुना आहे. निजाम कॉलेजात शिकलेले व सर चंद्रशेखर रामन यांचे सहकारी डॉ. सूरी भगवंतम् हे १९५२ साली उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू झाले. स्फटिकांची सममिती आणि त्यांचे गुणधर्म यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. अणूंची मांडणी कळली, की पदार्थाच्या गुणांचा अंदाज बांधता येतो, हे ह्या विद्येचे सार होय.

दुसरे मूळ पॉझिट्रॉनमध्ये आहे. हा कण इलेक्ट्रॉनएवढाच, परंतु धन विद्युद्भाराचा असतो. अमेरिकेत कार्ल अँडरसन यांस तो १९३२ साली आढळला. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनवर आदळला असता काय घडते, ह्याचे गणित आपल्या डॉ. होमी भाभांनी १९३६ साली मांडले आणि त्या क्रियेस जगात आजही त्यांचेच नाव आहे.

तपासणीच्या वेळी रुग्णास किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर अत्यल्प प्रमाणात टोचतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखरेच्या हावरट असल्यामुळे ती तेथे अधिक साठते. तिच्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्याच इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना धावतात. रुग्णाभोवती स्फटिकांचे कडे असते. दोन समोरासमोरचे स्फटिक एकाच क्षणी चमकले, की मूळ त्या दोहोंमधील रेषेवर असल्याचे समजते. अशा असंख्य रेषांतून यंत्र चित्र उभे करते.

ह्या स्फटिकांची कुळकथाही खनिजाचीच आहे. युलिटाइन हे बिस्मथ व सिलिकॉन असलेले एक दुर्मीळ खनिज होय. त्याचीच मांडणी ठेवून सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम बसविल्यास पाण्याच्या सातपट जड असा कृत्रिम स्फटिक मिळतो. त्यातील बिस्मथच्या जड अणूंमुळे गॅमा किरण अडतो आणि प्रकाशाची ठिणगी उमटते. अनेक वर्षे पेट यंत्रांत हाच स्फटिक प्रमुख होता. पुढे ल्युटेशियमचे अधिक चपळ स्फटिक आले.

आता व्यापाऱ्यास चटकन पटेल अशी गोष्ट सांगतो. धान्यात घट येते ती महिन्यांच्या हिशेबाने. फ्लोरिन-१८ मात्र दर ११० मिनिटांनी निम्मे होते. सकाळी ८ वाजता निघालेला माल ११ वाजून ४० मिनिटांनी चौथाई उरतो. त्याची साठवण होऊ शकत नाही, म्हणून तो तयार करणारे सायक्लोट्रॉन यंत्र फार दूर असून चालत नाही. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईस परळ येथे २००२ साली सुरू झाले.

तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावे लागते. उपवासाची सवय असलेल्या आपल्या मंडळींस ते जड नाही. परंतु मधुमेह असणाऱ्यांनी औषधाविषयी डॉक्टरांस आधी अवश्य विचारावे. चित्रातील प्रत्येक उजळ ठिपका कर्करोगच असतो असेही नाही. क्षयरोगाची गाठसुद्धा तशीच उजळते. चित्र पाहून घरच्यांनी धीर सोडू नये आणि निदान वैद्यांवरच सोपवावे.

रोग कोठवर पसरला आहे हे आधी कळल्यास निष्फळ शस्त्रक्रिया टळते, योग्य उपचारास वेळ मिळतो. परंतु ही तपासणी खर्चिक आहे आणि केवळ पैशापायी ती पुढे ढकलणारी कुटुंबे समाजात आहेत. रुग्णालयाच्या इमारतीस आपण उदारपणे देणग्या देतो. त्याच औदार्यातून दरवर्षी काही गरजू रुग्णांच्या तपासणीचा भार आपल्या पेढ्यांनी उचलावा, अशी सर्व बंधूंस आमची नम्र विनंती आहे. येथे विलंबाने होणारी घट कोणत्याही वहीत भरून निघत नाही.