पुराच्या पाण्यातील अनुकंपा

सम्यक्त्वाची पाच लक्षणे शास्त्रकारांनी सांगितली आहेत: शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य. यांतील अनुकंपेची खरी परीक्षा घराच्या उंबरठ्याबाहेर होते. दुसऱ्याचे दुःख पाहून मन द्रवले, पण हात हलला नाही, तर ती अपुरीच राहते. मात्र या गुणाची एक दुसरी बाजूही आहे आणि आपल्या व्यापारी कुटुंबांत तिचा विचार क्वचितच होतो. संकटात पुढे आलेला हात आपण कोणत्या भावनेने स्वीकारतो, हीदेखील एक परीक्षाच असते.

उल्हास नदीकाठच्या कल्याण-बदलापूर परिसराने ही परीक्षा वारंवार दिली आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात उल्हास नदीने पात्र सोडले आणि कल्याण व बदलापूरच्या सखल भागांतील घरे, दुकाने व गोदामे पाण्याखाली गेली. बरोबर चौदा वर्षांनी, २६ जुलै २०१९ च्या रात्री, मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान पुरात अडकली. गाडीत सुमारे एक हजार पन्नास प्रवासी होते. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या, लहान मुले होती, वृद्धही होते. बाहेर काळोख होता आणि रुळांवर पाणी चढत होते.

त्या रात्रीचे आणि दुसऱ्या दिवसाचे स्मरण केले, की आपल्या परंपरेतील चार दाने डोळ्यांसमोर उभी राहतात. रेल्वे आणि पोलिसांच्या जवानांनी गाडीपर्यंत पोहोचून बिस्किटे व पिण्याचे पाणी वाटले, ते आहारदान. डॉक्टरांची पथके आणि रुग्णवाहिका सज्ज ठेवण्यात आल्या, ते औषधदान. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी रबरी बोटींतून एकेका प्रवाशाला बाहेर काढले आणि नौदलाची पथके त्यांच्या साहाय्याला आली, ते अभयदान. आणि रेल्वेने प्रवाशांना वेळीच एक सूचना दिली होती, की गाडीतून उतरू नका, डबा हीच सध्या सर्वांत सुरक्षित जागा आहे. व्यापक अर्थाने पाहिले तर योग्य वेळी दिलेले हे खरे ज्ञान म्हणजे ज्ञानदानच. २७ जुलैच्या दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. बदलापुरात एका मंगल कार्यालयात त्यांच्या भोजनाची व विश्रांतीची सोय झाली. आसपासचे रहिवासीही मदतीला धावले होते. त्यानंतर कल्याणहून सुटलेल्या विशेष गाडीने प्रवासी कोल्हापूरकडे रवाना झाले.

बिस्किटाचा पुडा, पाण्याची बाटली, कोरडी चादर. आपल्या दुकानाच्या फळीवर या वस्तूंची किंमत किती अल्प असते! परंतु रात्रभर जागलेल्या मातेच्या हाती त्या येतात, तेव्हा कोणत्याही तराजूत त्यांचे मोल मावत नाही. आपली आठवण कोणीतरी ठेवली आहे, हा विश्वास त्यांच्याबरोबर पोहोचतो आणि पुढचे काही तास काढण्याचे बळ त्यातूनच मिळते.

या कथेचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. कल्याणहून प्रवासी कोल्हापूरला गेले आणि अवघ्या काही दिवसांत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पंचगंगा आणि कृष्णा या नद्यांना महापूर आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांना घर सोडावे लागले. पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ अनेक दिवस बंद राहिला. तेव्हा मुंबई-ठाण्यासह राज्याच्या अनेक भागांतून धान्य, कपडे, औषधे आणि पाणी तिकडे रवाना झाले. जुलैअखेर ज्या दिशेने प्रवासी गेले, त्याच दिशेने ऑगस्टमध्ये मदत गेली. आज देणारा कोण आणि उद्या घेणारा कोण, हे पाणी विचारत नाही. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात परस्परांना साहाय्य करणे हे जीवांचे कार्य म्हणून सांगितले आहे. त्यात देणारे आणि घेणारे असे दोन वर्ग त्यांनी केलेले नाहीत.

कल्याणचा व्यापारी दानाला नवखा नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. देण्याची सवय आपल्या रक्तात आहे. घेणे मात्र आपल्याला जड जाते. दुकानात पाणी शिरून माल भिजला, तरी ‘आमचे सर्व ठीक आहे’ असे सांगणारी कुटुंबे थोडी नाहीत. पेढीची पत जाईल, ही त्यामागची भीती. पण अशा वेळी घाऊक व्यापाऱ्याने न मागता दिलेली महिनाभराची मुदत, शेजारच्या दुकानदाराने वापरू दिलेला माळा, नातलगाने पाठवलेला डबा, हे सर्व मोकळ्या मनाने स्वीकारण्यात कोणताही कमीपणा नाही. मदत नाकारणारा अभिमान हादेखील मानकषायच होय.

म्हणून पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पेढीने थोडी तयारी करावी. वहीखाते, महत्त्वाची कागदपत्रे आणि औषधे उंच फळीवर हलवावीत. कोरड्या खाऊची, टॉवेलांची व विजेरीची एक पेटी भरून ठेवावी. मदत देताना समोरच्याला काय हवे ते आधी विचारावे. ज्याचा चोविहार आहे, त्याला सूर्यास्तानंतर आग्रह करू नये. ज्याला उकाळलेलेच पाणी चालते, त्याच्यासाठी ते आठवणीने ठेवावे. घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये, कारण त्याची लाज राखणे हाही दानाचाच भाग आहे.

संवत्सरीला आपण हात जोडून क्षमा मागतो, तेव्हा मान आपोआप खाली झुकते. संकटात मदत स्वीकारतानाही हाच विनय लागतो. ज्याने तो साधला, त्याला पुढच्या पुरात दुसऱ्याच्या दाराशी अन्न घेऊन जाताना उपकाराचा गर्व शिवत नाही.