सुकाणूचे चाक

जात्याचा खुंटा वरच्या तळीच्या मध्याजवळ कोणी बसवीत नाही. तो नेहमी कडेजवळ असतो. मध्याजवळ असता, तर जाते फिरविताना हात भरून आले असते. खुंटा कडेला असल्यामुळे हाताला मोठे वर्तुळ फिरावे लागते खरे, पण जोर कमी लागतो. घरातले जाते ज्या नियमाने फिरते, त्याच नियमाने समुद्रावरील नौकेच्या सुकाणूचे चाकही फिरते.

सुकाणू म्हणजे नौकेच्या मागील टोकाशी पाण्यात उभी असलेली रुंद फळी. ती एका बाजूस वळविली, की वाहते पाणी तिच्यावर आपटते आणि नौकेची दिशा बदलते. लहान होडीत सुकाणूला एक दांडा जोडलेला असतो. नौका जसजशी मोठी, तसतसा सुकाणूवरील पाण्याचा दाब अधिक; मग नुसता दांडा आवरणे कठीण होते. इंग्लंडच्या आरमारी जहाजांवर अठराव्या शतकाच्या आरंभी दांड्याच्या जागी चाक आले. आज नऊ-दहा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकांवरही चाक दिसते. अशा बऱ्याच नौकांत चाकाच्या आसावर एक दातेरी चक्र असते. त्यावरून साखळी जाते, साखळीच्या टोकांना तारेचे दोर असतात आणि ते कप्प्यांवरून सुकाणूच्या खांबापर्यंत पोहोचतात.

हे चाक केवढे असावे? समजा, ६० सेंटिमीटर व्यासाचे चाक फिरविण्यास ९ किलोग्रॅम वजन पेलण्याइतका जोर लागतो. त्याच नौकेवर ९० सेंटिमीटर व्यासाचे चाक बसविले, तर ६ किलोग्रॅमइतकाच जोर पुरेल. मग मोठे चाकच चांगले, असे कोणासही वाटेल. पण निसर्ग फुकट काही देत नाही. लहान चाकाच्या एका फेऱ्यात हात सुमारे १८८ सेंटिमीटर फिरतो, तर मोठ्या चाकाच्या फेऱ्यात सुमारे २८३ सेंटिमीटर. जोर जितका वाचला, तितके अंतर वाढले.

शिवाय लहान नौकेत जागा थोडी. कर्णधाराच्या बैठकीत मोठे चाक बसविले, की त्याच्या बाजूने जाण्यास वाट उरत नाही. एरवी ही अडचण क्षुल्लक वाटते. परंतु अकस्मात वाऱ्याचा झोत आला आणि शिडाचा दोर सैल करण्यास धावावे लागले, तर क्षणाचाही विलंब घातक ठरतो. उलट, चाक फार लहान असले तरी चालत नाही. वाऱ्याने नौका एका बाजूस कलते, तेव्हा कर्णधार उंच झालेल्या बाजूस बसतो. तेथून त्याला शिडाची पुढची कड नीट दिसते. लहान चाकाची कड तेथवर पोहोचतच नाही. मग त्याला चाकामागे उभे राहावे लागते आणि शिडाकडे पाहण्यासाठी मान वाकडी करावी लागते.

म्हणून जाणता मनुष्य चाक विकत घेण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या दोन-तीन लहानमोठ्या चकत्या कापतो. एकेक चकती चाकाच्या जागी धरून तो दोन्ही बाजूंस बसून पाहतो, उभा राहून पाहतो आणि बाजूने ये-जा करून पाहतो. कडेवर धरलेली बोटे बाकावर घासणार नाहीत, एवढी मोकळी जागा तो राखतो.

आणखी एक गोष्ट तो विसरत नाही. चाक जड का फिरते, हे तो आधी शोधतो. कप्पे कोरडे पडले असतील, दोर अति ताणलेले असतील किंवा वाऱ्याच्या मानाने शीड जास्त उभारले असेल. अशा वेळी मोठे चाक बसविणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून वेदना तेवढी लपविणे होय. हाताला जडपणा जाणवत नाही, आणि दोरांवरील ताण मात्र तसाच राहतो.

दोर तुटला, तर चाक कितीही सुबक असो, निरुपयोगी होते. त्यासाठी सुकाणूच्या खांबावर थेट बसविता येईल असा एक दांडा नौकेवर ठेवतात. हा दांडा फिरताना चाकास अडणार नाही, हेही चाक निवडतानाच पाहावे लागते. सुकाणूची ही काळजी अनाठायी नाही. गोव्यात बांधलेली 'तारिणी' ही भारतीय नौदलाची शिडाची नौका सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी तिच्या प्रमुख होत्या. तीन महासागर ओलांडून घर जवळ आले असताना, २०१८ च्या एप्रिलमध्ये, तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला व दुरुस्तीसाठी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावे लागले. २१ मे २०१८ रोजी ती सुखरूप गोव्यास परतली.

'कर्ण' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ सुकाणू असा आहे. ते धारण करणारा तो कर्णधार. त्याच्या हातातील चाक मोठे असावे की लहान, यापेक्षा ते त्या नौकेस आणि त्या हातास साजेसे असावे, हेच खरे.