कोयनेच्या पोटात तीन किलोमीटर

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयना धरणाच्या भिंतीतल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने एक आलेख नोंदवला. जगभरातले धरण अभियंते आजही तो अभ्यासतात. हादऱ्याचा जोर गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्क्यांवर गेला होता. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी गृहीत धरला होता ५ टक्के. हे दोन आकडे सरळ एकमेकांशेजारी ठेवू नयेत असं अभियंते सांगतील, पण फरक डोळ्यांत भरतोच. धरण फुटलं नाही. खालच्या अंगाला भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. पुढे काँक्रीटचे टेकू देऊन भिंत मजबूत केली. कोयनानगर मात्र झोपेतच कोसळलं आणि सुमारे २०० माणसं गेली.

भूकंप ६.३ रिश्टरचा होता. तोवर दख्खनचा प्रदेश म्हणजे न हलणारा, म्हातारा खडक असाच समज होता. संशय गेला तो धरणाच्या शिवसागर जलाशयावर. १९६२च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि परिसरात बारीक धक्के जाणवायला लागले. भोवताली भूकंपमापक बसले ते त्यामुळेच, मोठ्या भूकंपाच्या कितीतरी आधी.

‘धरणामुळे भूकंप झाला’ हे वाक्य चहाच्या टपरीवर खपून जातं. पण ते अर्धंच खरं आहे. १०५ टीएमसी पाण्याचं ओझं माणसाला प्रचंड वाटलं तरी खडकात शतकानुशतकं साठलेल्या ताणापुढे ते किरकोळ असतं. पाणी काम करतं ते भेगांत मुरून. खोलवर दाब वाढला की प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारं घर्षण कमी पडतं आणि आधीच काठावर आलेला खडक सरकतो. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत रासायनिक सांडपाणी दाबून सोडलं जात होतं, तिथेही अशीच भूकंपांची रांग लागली. सह्याद्रीत धरणं काही थोडी नाहीत. पण बहुतेकांच्या पोटात असा तयार, ताणलेला भंग नाही, म्हणून ती गप्प आहेत.

कोयनेचं वेगळेपण पुढच्या वर्षांत कळलं. एकदा हादरून ती शांत झाली नाही. पाचहून मोठे वीसेक आणि चारहून मोठे दोनशेच्या आसपास भूकंप झाले, आणि तेही जेमतेम २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात. १९८५मध्ये शेजारच्या वारणेचं पाणी अडलं, तशी हालचाल दक्षिणेकडेही सरकली. पावसाळ्यात पाणी किती चढतं, किती झपाट्याने चढतं आणि किती काळ तिथे टिकतं, याच्याशी धक्क्यांचं नातं हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. आसपास भूकंपाचं दुसरं ठिकाण नाही, जागा छोटी आहे, धक्के उथळ आहेत आणि ते पुन्हा पुन्हा येतात. भूकंपशास्त्रज्ञाला याहून सोयीची जागा मिळणं कठीण. तिथे राहणाऱ्यांना ही सोय नको झाली असेल, हा भाग निराळा.

सक्रिय भंगाचा अभ्यास एरवी जमिनीवरूनच सुरू होतो. कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास भंगावर पॅलेट क्रीक नावाची जागा आहे. केरी सीह यांनी १९७०च्या दशकात तिथे चर खणले. दलदलीच्या काळ्या थरांतले तुटलेले, सरकलेले पदर त्यांनी वाचले आणि कार्बन कालमापनाने जुन्या भूकंपांची वंशावळ लावली. असे थर साठायला नदी, तळं, दलदल असं काहीतरी लागतं. आपल्याकडे वर काळा पाषाण. त्यावर चार बोटं माती, तीही दर पावसात वाहून जाणारी.

किल्लारीने याची किंमत दाखवली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तिथे भूकंपात सुमारे दहा हजार माणसं मेली, आणि त्या भंगाची खूण वर कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. नंतर शास्त्रज्ञांनी तिथे भोकं पाडली. ३३८ मीटर बेसॉल्ट, मग गाळाचा एक पातळ थर, मग ग्रॅनाइटी खडक. महत्त्वाचं निघालं ते मधेच. लाव्हाच्या थरांचे सांधे दोन भोकांत जुळेनात, भंगाच्या दोन बाजूंना सुमारे ६ मीटरचा फरक पडत होता. एका भूकंपात, तोही या आकाराच्या, एवढं सरकणं शक्य नाही. म्हणजे किल्लारी पूर्वीही हलली होती, अनेकदा.

हाच धडा कोयनेत मोठ्या प्रमाणावर गिरवायचं ठरलं. हे काम कराडजवळच्या हजारमाचीची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी पाहते. ती केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची संस्था आहे. आधी नऊ ठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपास भोकं पाडून झाली. मग २०१७मध्ये गोठणे इथलं चाचणी भोक ३,०१४ मीटरपर्यंत गेलं. गावच्या बोअरवेलला तीन-चारशे फुटांवर पाणी लागलं नाही की मालकाचा जीव वरखाली होतो. हे भोक जवळपास दहा हजार फुटांचं. वरचं तोंड हातभर रुंद आणि खाली निमुळतं होत जाणारं.

आतून आलेल्या खडकाच्या नळकांड्या क्रमाने लावल्या की सह्याद्रीची चवडच समोर येते. काळा, घट्ट बेसॉल्ट, मग बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेला जाळीदार दगड, मधेच दोन लाव्हांच्या दरम्यानचा विटकरी मातीचा पट्टा, आणि पुन्हा काळा. गोठण्याला ही चवड सव्वा किलोमीटर जाडीची आहे, इतरत्र काही ठिकाणी चारशे मीटरच. पण जाडी कमीजास्त होते ती वरच्या डोंगराच्या उंचीमुळे. तळ जवळजवळ सपाट. त्याखाली एकदम ग्रॅनाइटी खडक लागतो, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. मधे गाळ नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा उघड्या कातळावरच पसरला होता. कोयनेचे भूकंप होतात ते या जुन्या कातळात.

खडकातला ताण मोजायची रीत मोठी धीट आहे. भोकाचा छोटा तुकडा दोन रबरी बुचांनी बंद करायचा आणि खडक तडकेपर्यंत आत पाणी दाबायचं. तडकताना दाब किती होता यावरून ताणाचं मोजमाप मिळतं, आणि तडा कोणत्या दिशेला गेला यावरून ताणाची दिशा. भोकाच्या भिंतीही बोलतात. ताणामुळे त्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी ढासळतात, गोल भोक लंबगोल होतं, आणि तो लंबगोल कुठे कलला हे उपकरणं टिपतात. निष्कर्ष असा, की इथला खडक खरोखर काठावर आहे. थोडा धक्का पुरतो. तीन किलोमीटरवरही भेगांत पाणी सापडलं, तेही पावसातून मुरलेलं. पाणी इतक्या खोल जातं का, हा जुना वाद तिथे बराच निवळला.

काही भोकांत आता भूकंपमापक बसवलेले आहेत. वर वारा, ट्रक, पाऊस, सगळ्यांची थरथर यंत्रात उतरते. हजार-दीड हजार मीटर खाली तो गलका उरत नाही, त्यामुळे माणसाला कधीच न जाणवणारे धक्केही स्वच्छ नोंदले जातात. आधी येते पी लहर, मागून एस लहर. दोघींतलं अंतर एका सेकंदाचं असेल तर भूकंप ढोबळमानाने आठ किलोमीटर दूर. अशा हजारो ठिपक्यांतून भंगाचा पृष्ठभाग नकाशावर उभा राहतो. एरवी तो कुणाला दिसणारच नव्हता.

पुढचा टप्पा सहा किलोमीटरच्या मुख्य भोकाचा आहे. त्या खोलीवर तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जाईल आणि उपकरणं टिकवणं हीच मोठी परीक्षा ठरेल. कोयनेचा पुढचा भूकंप कोणत्या तारखेला, हे या भोकातून कळेल असं मात्र यातले जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. भूकंप होण्याआधी, होताना आणि झाल्यावर भंगाजवळ पाण्याचा दाब, तापमान आणि ताण कसा बदलतो, हे प्रत्यक्ष जागेवर मोजायचं, एवढाच त्यांचा दावा आहे. जगात हे करून पाहण्याच्या जागा फार थोड्या. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला सॅन अँड्रियासच्या आरपार असंच तीन किलोमीटर खोल भोक नेलं होतं. पण तो दोन भूपट्टांमधला भंग, तर कोयना एका भूपट्टाच्या पार आत. तिथे मिळालेली उत्तरं इथे जशीच्या तशी चालणार नाहीत.