लांबचा पल्ला आणि रणरणतें ऊन

शाळेस जाणाऱ्या विद्यार्थ्यापासून दारोदार वर्तमानपत्रें टाकणाऱ्या मुलापर्यंत सर्वांच्या ओळखीची सायकल ही चार-दोन मैलांच्या कामापुरतीच आहे, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु याच दुचाकीवर बसून ६००, १,२००, किंबहुना ४,८०० किलोमीटरांचा पल्ला ठराविक मुदतींत पुरा करणारीं माणसें जगांत आहेत, आणि त्यांत महाराष्ट्रांतील माणसेंहि आहेत. या अंतराचें नवल वाटतेंच. पण तेंच अंतर जेव्हां ४० अंश सेल्सिअसच्या पुढच्या हवेंत काटावें लागतें, तेव्हां प्रश्न केवळ पायांच्या बळाचा उरत नाहीं. तो शरीरशास्त्राचा, हिशेबाचा आणि शेवटीं विवेकाचा प्रश्न होतो.

या प्रकाराचें मूळ फ्रान्समध्यें आहे. १८९१ सालीं पॅरिसच्या 'ल पेती जुर्नाल' या वृत्तपत्राचे प्येर जिफार यांनीं पॅरिसहून ब्रेस्तपर्यंत आणि तेथून परत पॅरिसला, अशी सुमारें १,२०० किलोमीटरांची शर्यत ठेवली. शार्ल तेराँ नांवाचा स्वार वाटेंत झोप न घेतां ७१ तास २२ मिनिटांत परत आला आणि पहिला ठरला. पुढें १९३१ पासून याच मार्गावर हौशी प्रवाशांनाहि वाव मिळाला, आणि आतां या यात्रेंत पहिला-दुसरा क्रमांक लावीत नाहींत. मुदतींत जो पोंचला तो उत्तीर्ण. 'ब्रेव्हे' या फ्रेंच नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अशा यात्रा आज भारतांतहि होतात. त्यांच्या मुदती ठरलेल्या आहेत: २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स २०, ४०० स २७, ६०० स ४० आणि १,२०० स ९० तास. स्वार झोपो, जेवो वा चाकाचें पंक्चर काढीत बसो, घड्याळ चालूच असतें.

याहूनहि कठीण अशी शर्यत अमेरिकेंत होते. पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनारा गाठावयाचा, अशी ही 'रेस अॅक्रॉस अमेरिका' १९८२ सालीं चार स्वारांनिशीं सुरू झाली, आणि त्या वर्षीं लॉन हाल्डमन विजयी झाला. शर्यत जूनमध्यें असते. कॅलिफोर्नियांतील ओशनसाइड या समुद्रकांठच्या गांवीं गार वारा अंगावर घेत स्वार निघतो, डोंगर चढतो, आणि त्याच दिवशीं एका तीव्र उतारानें वाळवंटांत उतरतो. त्या उतारास स्वारांनीं 'कांचेचा पाळणा' अशा अर्थाचें नांव दिलें आहे. उंच इमारतींतील पाळण्यांतून खालीं यावें तसा माणूस थेट भट्टींत येऊन पडतो. पुढें ॲरिझोनाचें वाळवंट पार होईपर्यंत ऊन त्याची पाठ सोडीत नाहीं. २०१५ सालीं नाशिकचे महाजन बंधु, डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र, यांनीं दोघांच्या संघानें ही शर्यत पुरी केली; २०१७ सालीं लष्करांतील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं ती एकट्यानें, बारा दिवसांच्या आंत पुरी केली. चौघेहि वैद्यकीय व्यवसायांतले, हा योगायोग असेल. पण या खेळांत शरीराचें ज्ञान किती उपयोगी पडतें, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

मनुष्याचें शरीर ही एक भट्टीच आहे. स्नायू जी शक्ति खर्च करतात, तिच्यापैकीं एकपंचमांश ते एकचतुर्थांश भागच पायांतून चाकापर्यंत पोंचतो; बाकीच्या शक्तीची उष्णता होते. बेताच्या वेगानें जाणारा स्वार पेडलवर १५० वॅट शक्ति लावतो असें धरलें, तर त्याच वेळीं त्याच्या देहांत ५०० वॅटांच्या आसपास उष्णता निर्माण होत असते. विजेची एखादी लहान शेगडी जणूं पोटांत सतत पेटलेली असावी. ही उष्णता बाहेर पडण्यास वाटच नसती, तर ७० किलो वजनाच्या माणसाचें तापमान अर्ध्या तासांत ३७ अंशांवरून ४० च्या पलीकडे गेलें असतें.

थंड हवेंत ही वाट सोपी असते. त्वचेचें तापमान सुमारें ३५ अंश. हवा तिच्याहून गार असली, म्हणजे उष्णता आपोआप बाहेर जाते. परंतु हवाच ४२ अंश झाली कीं व्यवहार उलटतो. हवेकडून देहास उष्णता मिळूं लागते, आणि डांबरी रस्ता खालून तिच्यांत भर घालतो. अशा वेळीं एकच उपाय उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणें वाळला, तर तो आपल्याबरोबर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वर सांगितलेल्या स्वारास केवळ स्वतःच्या देहांतील शेगडी निवविण्यासाठीं दर तासास पाऊण लिटर घाम वाळवावा लागतो. हवेकडून येणारी उष्णता वेगळीच.

येथें 'वाळणें' या शब्दास महत्त्व आहे. विदर्भांत वैशाखाच्या कोरड्या हवेंत माठांतील पाणी गारेगार होतें. तोच माठ मुंबईंत ठेवला तर पाणी तितकें निवत नाहीं, कारण दमट हवा माठाच्या अंगावरील ओल उचलून घेत नाहीं. देहाचेंहि तसेंच आहे. कोंकणांत ३४ अंशांतहि घामाच्या धारा लागतात, पण गळून पडलेला घाम वायां जातो. तो पाणी आणि मीठ नेतो, उष्णता मात्र नेत नाहीं. उलट नागपूरच्या कोरड्या उन्हांत घाम चटकन् उडून जातो. त्यामुळें आपणांस घाम येतच नाहीं असा भ्रम होतो, आणि देह कोरडा पडत असतां स्वार पाण्याकडे दुर्लक्ष करतो. दोन्हीं हवांचे धोके असे निरनिराळे आहेत.

सायकलस्वारास एक सवलत निसर्गतःच मिळते. तो स्वतःचा वारा स्वतः निर्माण करतो. ताशीं २५ किलोमीटर वेगानें जातांना अंगावर जो झोत येतो, त्यानें घाम भराभर वाळतो. पण चढ लागला कीं ही सवलत जाते. वेग ताशीं सात-आठ किलोमीटरांवर येतो, श्रम वाढतात, भट्टी अधिक पेटते, आणि नेमका त्याच वेळीं वारा बंद होतो. पाठचा वारा असेल तर हवा स्वाराबरोबरच चालते आणि अंगाला झुळूकहि लागत नाहीं. म्हणून उन्हांतील चढ सपाटीवरच्याहून कमी जोर लावून चढावा, हा अनुभवी माणसांचा नियम शास्त्रशुद्ध आहे.

आतां पाण्याविषयीं. श्रम करणारा माणूस उन्हांत तासास लिटर-दीड लिटर घाम सहज गाळतो. आतडीं मात्र तासास साधारणपणें लिटरभराच्या आसपासच पाणी शोषून घेऊं शकतात. याचा अर्थ असा, कीं दुपारच्या प्रहरीं जमाखर्चाचा मेळ बसतच नाहीं. तूट ही येणारच, आणि ती संध्याकाळीं व रात्रीं हळूहळू भरून काढावी लागते. तरीहि केवळ पाणीच ढोसणें हा उपाय नव्हे. लिटरभर घामाबरोबर एक ते चार ग्रॅम मीठ जातें. त्याची भरपाई न करतां नुसतें पाणी पीत राहिलें, तर रक्तांतील सोडियम विरळ होतें, पेशी फुगतात, डोकें दुखतें, मळमळतें, आणि पराकोटीस मेंदूला सूज येऊन प्राणावर बेततें. नवशिक्या सोबत्यास ही लक्षणें पाण्याच्या अभावाचींच वाटतात, आणि तो आणखी पाणी पाजतो! लिंबाचें मीठ-साखर घातलेलें सरबत, ताक, मिठाची पेज हीं आपल्या घरांतील जुनीं पेयें या बाबतींत निर्दोष आहेत. साखर आणि मीठ एकत्र असतां आतडीं पाणी अधिक सुलभतेनें शोषून घेतात, ही त्यामागील उपपत्ति.

अन्नाचा प्रश्न याला जोडूनच येतो. देहांत रक्त मर्यादित असतें. स्नायूंना तें कामासाठीं हवें, त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठीं हवें, आणि जठराला पचनासाठीं हवें. एकाच तिजोरीवर तीन हुंड्या एकदम वटविण्यास याव्यात, तशी ही स्थिति होते. घामानें रक्तांतील पाणी कमी झालें कीं तिजोरीहि आटते, हृदयाचे ठोके वाढतात, आणि सर्वांत आधीं जठराची हुंडी परत जाते. अन्न पोटांत तसेंच पडून राहतें, उलटी होते, आणि लांब पल्ल्याचे कित्येक स्वार पाय शाबूत असतांनाहि पोटापायीं यात्रा सोडतात. म्हणून उन्हांत थोडें थोडें व पातळ खावें, आणि भरपेट जेवण रात्रीं गारव्यांत करावें.

शरीरास उन्हाची संवय होते, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. दहा ते चौदा दिवस रोज तास-दीड तास उन्हांत बेताचे श्रम केले, तर रक्तांतील द्रवभाग वाढतो, घाम लौकर सुटूं लागतो, त्यांतील मीठ कमी होतें आणि नाडी संथ चालते. पण ही कमाई टिकाऊ नसते. उन्हापासून कांहीं आठवडे दूर राहिलें कीं ती ओसरते.

एवढी तयारी झाल्यावर यात्रा पुरी होते ती मात्र हिशेबानें. ६०० किलोमीटरांस ४० तास, म्हणजे सरासरी ताशीं १५ किलोमीटर. जो स्वार ताशीं २० किलोमीटरांनीं चालूं शकतो, त्याला प्रत्यक्ष चालण्यास ३० तास पुरतात. १० तास त्याच्या हातीं शिल्लक राहतात. ही शिल्लक कशी खर्चावी, यांतच सारें कसब आहे. शहाणा स्वार पहांटे आणि रात्रीं अंतर काटतो, आणि दुपारीं बारा ते चार झाडाच्या किंवा देवळाच्या सावलींत ओलें फडकें मानेवर ठेवून स्वस्थ पडतो. अविचारी स्वार सकाळीं धांवतो, दुपारीं अहंकारानें धांवतो, आणि संध्याकाळीं रस्त्याच्या कडेला बसतो.

येथवर जें सांगितलें तें बहुतेक सर्व सरावानें साध्य आहे. खरा कठीण भाग पुढेंच आहे. देहाचें तापमान ४० अंशांच्या वर गेलें, कीं मेंदूचें काम बिघडूं लागतें. बोलणें असंबद्ध होतें, चालतांना तोल जातो, भर उन्हांत अंगावर कांटा येतो, स्वभाव चिडका होतो. हा उष्माघात होय. अंगाला घाम आहे म्हणून उष्माघात नव्हे, असें समजणें चूक आहे. श्रमानें येणाऱ्या उष्माघातांत त्वचा ओली असूं शकते. अशा माणसास ताबडतोब सावलींत नेऊन थंड पाण्यांत बुडवावें, तें नसेल तर सर्वांगावर गार पाणी ओतीत वारा घालावा. आधीं देह थंड करावा आणि मग रुग्णालयाकडे हलवावें. मिनिटें येथें मोलाचीं असतात.

पण आपणांस हें होत आहे, हें ओळखावयाचें कोणीं? ज्या मेंदूनें थांबण्याचा निर्णय घ्यावयाचा, तोच आधीं निकामी होतो. न्यायाधीशच प्रथम आजारी पडावा, तसा हा प्रकार. १३ जुलै १९६७ रोजीं 'तूर द फ्रान्स' या शर्यतींत मों व्हांतू या उघड्या बोडक्या डोंगराच्या चढावर टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा ब्रिटिश स्वार कडक उन्हांत कोसळला. १९६५ चा तो जगज्जेता. त्याला पुन्हा सायकलवर बसविण्यांत आलें. थोडें अंतर जाऊन तो पुन्हा पडला, आणि वारला. त्याच्या देहांत अॅम्फेटामाइन हें उत्तेजक द्रव्य सांपडलें. अशा द्रव्यानें बळ वाढत नाहीं. थकव्याची सूचना तेवढी दाबली जाते. धोक्याची घंटा वाजूं नये म्हणून तिची दोरी कापावी, तशांतला तो प्रकार होता. त्या काळीं शर्यतींत पाणी कमी पिणें हेंच शहाणपणाचें मानीत, हेंहि विसरतां येत नाहीं.

यावरून अनुभवी स्वारांनीं एक नियम काढला आहे. थांबण्याची अट निघण्यापूर्वीं, गार डोक्यानें ठरवावी, आणि ती पाळण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं द्यावा. अमेरिकेच्या शर्यतींत मोटारींतून मागोमाग येणारे सोबती स्वाराचें खाणें-पिणें, वजन आणि बोलणें यांवर सतत नजर ठेवतात. तो काय म्हणतो यापेक्षां तो कसा दिसतो यावर ते विश्वासतात. ब्रेव्हेंत अशी फौज नसते. तेथें जोडीदारानेंच दर तासास साधा प्रश्न विचारावा: पुढलें गांव कोणतें, किती वाजले, शेवटचें पाणी कधीं प्यालास? उत्तर अडखळलें, कीं सायकल आडवी करावी. मग मुदत टळो वा न टळो.

अशी माघार घेणाऱ्याच्या नांवापुढें यादींत 'अपूर्ण' असा शेरा पडतो, आणि तो मनास लागतो. जिद्द ही मोठी संपत्ति खरीच. तिच्यावांचून कोणी १,२०० किलोमीटरांच्या वाटेला जाणारच नाहीं. परंतु ऊन जिद्दीला भीत नाहीं, तें फक्त हिशेब ओळखतें. दुपारीं झाडाखालीं गमावलेले चार तास रात्रीच्या गारव्यांत भरून काढतां येतात, आणि चुकलेली मुदत पुढल्या वर्षीं गाठतां येते. त्यासाठीं स्वार आधीं सुखरूप घरीं पोंचला पाहिजे, एवढीच अट आहे.