न्यायाधीशाची जात, गाव आणि निकाल

विषय ऐकून काहींच्या मनात आलंच असेल, की बीबीसारख्या गावात हा विषय कशाला? न्यायाधीश कोण, कुठला, याच्याशी आपल्याला काय करायचंय? पण बांधाच्या भांडणापायी तालुक्याच्या कोर्टात चकरा मारलेली माणसं इथं बसलेली आहेत. साहेब बदलून आले की पहिला प्रश्न काय असतो? "कोणते आहेत? कुठले आहेत?" म्हणजे हा प्रश्न आपणच रोज विचारतो. आज तो जरा नीट विचारू.

एक साधं उदाहरण घेऊ. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे. वकील विचारतात, घटना किती वाजता घडली? तो म्हणतो, "दिवस कासराभर वर आला होता." ज्याच्या घरी बैल होते, त्या न्यायाधीशाला लगेच कळतं, की सूर्य उगवून तास-दीड तास झाला असेल. ज्यानं कासरा कधी पाहिलाच नाही, त्याला वाटेल, हा माणूस टाळाटाळ करतोय. कायदा तोच, साक्षही तीच. फरक ऐकणाऱ्याच्या कानात आहे. आता हा अनुभव न्यायाच्या आड येतोय की न्यायाला मदत करतोय? आमच्या मते मदत करतोय.

पण प्रत्येक ठिकाणी गोष्ट इतकी निरुपद्रवी नसते. आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, मार्च १९७२ मध्ये एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे बळजबरी सिद्ध होत नाही, असा सगळा सूर. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. रात्रीच्या वेळी ठाण्यात सापडलेल्या गरीब आदिवासी पोरीनं पोलिसाला विरोध करावा, ही अपेक्षा कुठून आली, असा त्या पत्राचा रोख होता.

इथं नीट लक्ष द्या. त्या निकालात न्यायाधीशांनी "आमचा अनुभव असा आहे" असं कुठंही म्हटलेलं नाही. तरी अनुभव होताच. ज्याला पोलिसाची भीती कधी वाटलीच नाही, त्याचा तो अनुभव. न सांगता आत आलेला अनुभव 'तटस्थपणा' म्हणून खपून जातो. शेवटी १९८३ मध्ये कायदाच बदलावा लागला. ताब्यातल्या स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालयानं गृहीत धरायचं, अशी तरतूद आली.

मग न्यायाधीशानं मनाला पटेल तसा निकाल द्यावा का? तिथंही घोळ आहे. रखमाबाईंचा खटला आठवा. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नवऱ्याच्या घरी कधी नांदल्या नाहीत. नवरा दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. कधी एकत्र न राहिलेल्या बाईला इच्छेविरुद्ध नवऱ्याकडे पाठवणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. आज आपल्याला तो निकाल योग्यच वाटतो. पण त्या वेळी टिळकांपासून अनेकांचा आक्षेप काय होता? साहेब विलायतेतले, त्यांची नीती विलायतेतली, ती आमच्या घरात कशाला? अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या! पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. गंमत अशी, की पिन्ही आणि फॅरन दोघंही इंग्रजच. एकाच मुलुखातली माणसं, निकाल मात्र उलटे.

म्हणून 'अमक्या जातीचा न्यायाधीश अमकाच निकाल देणार' हे आम्हाला पटत नाही. अगदी अलीकडचं पाहा. न्यायमूर्ती भूषण गवई आपल्या अमरावतीचे, रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव. १४ मे २०२५ रोजी ते सरन्यायाधीश झाले. दलित समाजातून त्या पदावर पोचलेले दुसरेच, आणि पहिले बौद्ध. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठानं सहा विरुद्ध एक असा निकाल दिला, की अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करता येतं. गवईसाहेब बहुमतात होते. त्यांनी वेगळं निकालपत्र लिहून या वर्गांतही क्रीमी लेअर ओळखायला हवा असं म्हटलं. शहरातल्या नामांकित शाळेतलं मूल आणि खेड्यातल्या शाळेतलं मूल एकाच मापानं मोजता येणार नाही, असा युक्तिवाद. आंबेडकरी चळवळीतल्या अनेकांना हे अजिबात रुचलं नाही; २१ ऑगस्टला भारत बंदची हाक दिली गेली. निकाल बरोबर की चूक यावर इथंही दोन मतं असतील, असू देत. पण समाज एक म्हणून अनुभव एक, असं होत नाही, एवढं तरी यातून दिसतं.

अमेरिकेतही हा वाद गाजला. सोनिया सोटोमायर या प्वेर्तो रिकोच्या कुटुंबातल्या. २००१ च्या एका व्याख्यानात त्या म्हणाल्या होत्या, की समृद्ध अनुभव असलेली शहाणी लॅटिना स्त्री, तसं आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा अनेकदा चांगल्या निष्कर्षाला पोचेल अशी आशा आहे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक होताना याच वाक्यावरून त्यांची उलटतपासणी झाली, आणि शब्दांची निवड चुकली असं त्यांना म्हणावं लागलं. आमच्या मते 'चांगल्या' ऐवजी 'जास्त प्रश्न विचारेल' असं म्हटलं असतं तर भांडणच उरलं नसतं.

कारण आपल्या पुराव्याच्या कायद्यात हीच वाट ठेवलेली आहे. न्यायाधीशाला साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारता येतो. निकाल मात्र रीतसर शाबीत झालेल्या गोष्टींवरच द्यावा लागतो. म्हणजे अनुभवानं प्रश्न सुचावा, उत्तर मात्र पुराव्यातून यावं. शिवाय कारणं लिहावी लागतात, ती अपिलात तपासली जातात. मनातला ग्रह कागदावर आला की त्याला धरता येतं.

बहिणीचं हक्कसोडपत्र घ्या. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा मिळण्याचा कायदा महाराष्ट्रात १९९४ ला आला, देशभर २००५ ला. तरी तहसीलच्या आवारात बहिणी सही करून जातातच. पुढे एखादी कोर्टात आली आणि म्हणाली, मला फसवलं. ज्या न्यायाधीशानं आपल्या घरात अशी सही होताना पाहिली आहे, तो विचारील: बाई, कागद वाचून दाखवला होता का? तुम्हाला घेऊन कोण आलं होतं? मोबदला काय ठरला? दुसऱ्या एखाद्याला हे सुचणारही नाही. सही आहे, साक्षीदार आहेत, विषय संपला. पण समजा वाचून दाखवल्याचं, समजून सही केल्याचं तिनं स्वतःच कबूल केलं, आणि फसवणुकीचा दुसरा पुरावाही नाही. तर त्या न्यायाधीशाची स्वतःची बहीण त्या दिवशी रडत घरी आली होती, हे त्याला बाजूला ठेवूनच निकाल लिहावा लागतो.