पानातली शिदोरी: सासादांगो

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा निगाता प्रांत बर्फ आणि तांदूळ या दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. तिथल्या मिठाईच्या दुकानांत हिरव्या पानांत गुंडाळून गवती दोरीने बांधलेल्या पुरचुंड्यांचे जुडगे टांगलेले दिसतात. हाच ‘सासादांगो’. पान सोडले की आत तांदळाच्या पिठाचा गर्द हिरवा गोळा आणि त्याच्या पोटात लाल अझुकीचे पुरणासारखे गोड सारण. सोळाव्या शतकातील सरदार उएसुगी केनशिन याच्या सैन्याची ही शिदोरी होती, अशी दंतकथा तिथे सांगतात. दंतकथा बाजूला ठेवली, तरी शिदोरीचे गुण या पदार्थात नक्कीच आहेत.

सासा ही बांबूच्या कुळातली ठेंगणी वनस्पती. तिच्या पानात जंतूंची वाढ रोखणारे घटक असतात; शिवाय पानामुळे गोळा सुकत नाही आणि हाताला चिकटत नाही. पिठाचा हिरवा रंग आणि वास ‘योमोगी’चा. ही पालेभाजी आपल्या दवण्याच्या गोत्रातली.

अझुकी म्हणजे राजमा नव्हे. मूग, उडीद, चवळी यांची ती जवळची नातलग. ती शिजताना तिच्या पेशी फुटत नाहीत, फक्त एकमेकींपासून सुट्या होतात. स्टार्च पेशीतच कोंडलेले राहते, म्हणून सारण चिकट न होता रवाळ लागते. असे कोंडलेले स्टार्च पचतेही सावकाश.

कडधान्याचे सारण, वाफवलेला पदार्थ, तेल-तूप जवळजवळ नाही. मग हवे तितके खावे का? इथेच गफलत होते. या सारणात सुक्या अझुकीइतकीच साखर घालण्याची रीत आहे. ती केवळ चवीसाठी नसते. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे सारण मऊ राहते आणि लवकर बिघडत नाही. म्हणजे शिदोरी टिकवणारी साखरच मधुमेहींची अडचण ठरते. एका गोळ्यात २० ग्रॅम सारण धरले, तर साखर साधारण ७-८ ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला २,००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी. वरचे तांदळाचे आवरण रक्तातील साखर आणखी वाढवते, ते वेगळेच.

दुसरी काळजी घशाची. चिकट तांदळात अमायलोज हा स्टार्चचा घटक नसल्यातच जमा असतो, म्हणून गोळा ताणला जातो. जपानमध्ये अशाच तांदळाचे ‘मोची’ घशात अडकून दरवर्षी वृद्ध दगावतात. तोक्योचे अग्निशमन दल नववर्षाच्या सुमारास ‘लहान तुकडे करा, नीट चावा’ असे बजावते. सासादांगोत साधे तांदळाचे पीठही मिसळतात, तरी वृद्धांना आणि लहान मुलांना तो तुकडे करूनच द्यावा.

फ्रिजमध्ये मात्र तो कडक होतो, कारण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट जुळतात. पानासकट वाफ दिली की पुन्हा मऊ होतो. एक गोळा, गरम, सावकाश चावून. या गोडाचे पथ्य एवढेच.